घरातल्या वस्तूंतून चित्राचा विषय कसा शोधावा?

प्रश्न (खानापूर): मी जलरंगात निसर्गचित्रे काढतो, पण पावसाळ्यात बाहेर बसता येत नाही आणि घरातील तांब्या, कंदील, सूप पाहून काहीच सुचत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर (बेळगाव): इटलीतील जोर्जो मोरांडी (१८९०–१९६४) यांनी बोलोन्यातील आपल्या खोलीत त्याच त्या बाटल्या आणि बरण्या अनेक वर्षे रंगवल्या, चमक नको म्हणून काही बाटल्यांना ते आधी रंगही लावून घेत, कारण त्यांचे लक्ष वस्तूंमधील जागेवर आणि छटांमधील सूक्ष्म फरकावर असे. आपणही एकच वस्तू सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला रंगवून पाहावी.

उत्तर (निपाणी): सहमत, मात्र घासून लखलखीत केलेला तांब्या नको, नवशिक्याला ती झळाळी फसवते. खानापूरची मातीची भांडी तर आपल्या दारातच आहेत! खापराचा खरबरीत पृष्ठभाग प्रकाश पसरवतो, त्यामुळे उजेडाकडून सावलीकडे जाणारी छटा सावकाश बदलते आणि ओल्या कागदावर ती सहज उतरते.

प्रश्नकर्ता: माठ आजच खिडकीशी ठेवला. दिवा लावल्यावर त्याची सावली निळसर दिसते. तशीच रंगवावी का?

उत्तर (बेळगाव): अवश्य. दिवा पिवळा असेल, तर त्याच्या सावलीत खिडकीचा उजेड पडून ती निळसरच भासते. तिथे काळा रंग वापरू नये.