जायकवाडीचे 65 टक्के ठरले, गोदावरीचे किती?

गंगाथडीकर: पाऊस कमी झाला की दरवर्षी तेच. 15 ऑक्टोबरला गोदावरीवरच्या पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा (खरिपाचा वापर धरून) 65 टक्क्यांच्या खाली असला की वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, मग इकडे मोर्चे तिकडे मोर्चे आणि कोर्ट. 2023 ला 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला तेव्हाही हेच. पण या सगळ्या हिशोबात नदी कुठंय? पाणी सोडताना केटीवेअरच्या (कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या) फळ्या काढतात, मधेच कोणी पंपाने उपसू नये म्हणून काठची लाईट बंद करतात, तुंबलेले डोह वाहून जातात, काही दिवस पूर आल्यासारखं दिसतं आणि गेट बंद झालं की खाली चिखलात मासे तडफडतात. आपण नदीला पाईपलाईन केलंय. वाटपाच्या आधी थोडं पाणी नदीच्या नावाने बाजूला काढा, मग टक्क्यांवरून भांडा, एवढंच म्हणणं आहे.

निफाडचा द्राक्षवाला: भाऊ बोलायला सोपंय. दारणा धरण 1916 चं, आमचे पाट तेव्हापासूनचे, जायकवाडी 1976 ला आलं आणि आता आम्हीच चोर ठरलो. बागा ठिबकवर आहेत, तरी मणी फुगायच्या टायमाला आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) लांबलं की टँकर घ्यावा लागतो, त्यात आता नदीचा वेगळा वाटा काढायचा म्हणता. तो कोणाच्या आवर्तनातून कापणार ते आधी सांगा ना.

पैठणकर: 😀 टँकर! आमच्याकडे तो प्यायला येतो. संभाजीनगर, जालना, एमआयडीसी सगळं नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीवर, त्यात हे धरण परातीसारखं उथळ, उन्हाळ्यात बाष्पीभवनच केवढं खातं. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 चा, कुठल्या धरणातून किती सोडायचं यावरचा मेंढेगिरी समितीचा रिपोर्ट 2013 चा, 2016 ला हायकोर्टाने पण तेच सांगितलं, तरी दर वेळी हक्काचं पाणी भीक मागितल्यासारखं मागायचं. आणि आता मधेच मासे? आधी माणसं.

गंगाथडीकर: माणसं आधी, मान्य. पण ऊस माणसांत धरता का? तो तिकडे नगरलाही आहे आणि तुमच्या कालव्यावरही आहे, त्याच्याबद्दल दोन्हीकडचे पुढारी चिडीचूप. मूळ दुखणं जुनंय. राज्याराज्यांत गोदावरीचं पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादाने 1980 ला पैठणच्या वरचं सगळं पाणी महाराष्ट्राला वापरायला दिलं, आपण त्याचा अर्थ शेवटचा थेंबही अडवायचा असा घेतला आणि धरणामागून धरण बांधत गेलो.

पाटकरी: गंगेसाठी केंद्राने 2018 मध्ये नोटिफिकेशन काढलंय, उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या महिन्यांत सरासरी प्रवाहाच्या 20 टक्के पाणी नदीत ठेवायचंच. आपली पण गंगाच की, आपल्याला का नाही?

निफाडचा द्राक्षवाला: कारण तिकडे वर बर्फ आहे! आपली गोदा पावसाची नदी, धरणं नव्हती तेव्हाही उन्हाळ्यात धार बारीक व्हायचीच. बारमाही पाणी सोडणं हेच अनैसर्गिक, हे तुम्हा पर्यावरणवाल्यांच्या डोक्यात कधी येणार?

गंगाथडीकर: ह्यात दम आहे. पण बारमाही कोण मागतंय? पावसाळ्याचे सुरुवातीचे पूर अडवू नका, मासे अंडी घालायला तेव्हाच वर चढतात. दिवाळीनंतर धार हळूहळू कमी होऊ द्या, गेट खटकन बंद करू नका. आणि दोन केटीवेअरच्या मधले खोल डोह उपसू नका, वाळूसाठी तर नाहीच नाही. ह्याला टीएमसी कमी आणि अक्कल जास्त लागते.

पाटकरी: आणि नाशिकचं सांडपाणी? उन्हाळ्यात शहराच्या खाली जे वाहतं त्यात नदी किती आणि गटार किती. तेच पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जातं, 2020 ला राज्यातली पहिली रामसर साईट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून मिरवलं आपण, आणि तिथं पानवेली माजतात. ते नीट शुद्ध करून सोडलं तर नदीचा वाटा बराचसा तिथूनच निघेल, कोणाचं आवर्तन कापायला नको.

पैठणकर: म्हणजे नाशिकने वापरलेलं पाणी नदीच्या नावाने दाखवायचं आणि पुढे आमच्या 65 टक्क्यांत पण तेच मोजायचं? लय भारी.

निफाडचा द्राक्षवाला: पहिल्यांदा पैठणकरांशी सहमत. हे पाणी मोजणार कोण आणि कुठल्या पुलावर ते ठरवा, मग आमच्या गावच्या पाणीवापर संस्थेत विषय मी मांडतो. तोवर आवर्तनाला हात लावायचा नाही.