काथ्याकूट: ब्लॉन्डीचं गाणं इनुक्टिटुटमध्ये गायलं, तर त्याला वारसा म्हणायचं का?

जुनी कॅसेट (धागाकर्ता)
पंधरा दिवस झाले, लोकलमध्ये जाता-येता एलिसापीच ऐकतोय. नाव नवं असेल त्यांच्यासाठी: कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात अगदी उत्तरेला नुनाविक हा इनुइट लोकांचा प्रदेश आहे. १४ गावं, आणि दक्षिणेकडून एकाही गावाला रस्ता नाही. त्यातल्या साल्लुइतची ही गायिका. आई इनुक (म्हणजे इनुइट), वडील न्यूफाउंडलंडचे, आणि ही तान्ही असतानाच दत्तक गेलेली. गावच्या रेडिओवर काम केलं, १९९९ मध्ये शिकायला मॉन्ट्रियलला आली.

२०२३ मध्ये तिचा 'इनुक्टिटुट' हा अल्बम आला. इनुइटांच्या भाषेचंच नाव. दहा गाणी, दहाही परक्यांची: ब्लॉन्डी, क्वीन, लेड झेपलिन, मेटॅलिका असे इंग्रजी रॉक बँड. शब्द मात्र इनुक्टिटुट. माझं म्हणणं, हे तिचं लोकसंगीतच आहे. तिच्या पिढीनं गावच्या रेडिओवर आणि हॉलमधल्या नाचात हीच गाणी ऐकली, त्यांच्यावरच प्रेमं केली, भांडणं केली. ते गाणं लंडनमध्ये लिहिलं की न्यूयॉर्कात, याचं साल्लुइतला काय? सगळाच वारसा आजीच्या तोंडून येत नाही. बोला.

खडीसाखर
असहमत. अल्बम मीही ऐकला, आवाज सुरेख आहे. पण खरं सांगा, पहिल्यांदा ऐकताना दाद कशाला दिलीत? 'अरे, ही चाल ओळखीची!' यालाच ना? शब्द तुम्हाला कळले नाहीत, मलाही नाहीत. ज्यांचा ढोलनाच आणि कंठगायन मिशनऱ्यांनी पाखंड ठरवून बंद पाडलं, त्यांच्या मुलीला जगापुढे यायला पुन्हा साहेबाचीच चाल लागते. मला यात मिरवण्यासारखं काही दिसत नाही.
तिचं स्वतःचं ऐकायचंय? २०१८ चा 'द बॅलड ऑफ द रनअवे गर्ल' ऐका. त्यातलं 'उना' तिनं जन्मदात्या आईला उद्देशून लिहिलंय. दत्तक गेलेल्या मुलीनं, स्वतः आई झाल्यावर. ते गाणं दुसऱ्या कुणाला लिहिताच आलं नसतं.

मॉन्ट्रियलकर
'साहेबाची चाल' म्हणून उडवून लावणं सोपं आहे. माझी एक सहकारी नुनाविकची. तिची आजी अकॉर्डियन वाजवायची, आणि ते वाद्य परकं आहे असं कुणी म्हटलं की ती हसते. आलं ते देवमासे मारायला आलेल्या जहाजांवरून. इनुक्टिटुटची ती त्रिकोणी-वाकडी अक्षरंही मिशनऱ्यांचीच. क्री भाषेसाठी बनवलेली लिपी त्यांनी इकडे वळवली. आज त्याच अक्षरांच्या पाट्या गावागावात अभिमानानं लावतात. आपली पेटी तरी कुठली हो?

खडीसाखर
पेटी आली, पण तिच्यावर अभंग आपलेच वाजले. फ्रेंच गाणी नाही वाजवली आपण.
आणि एक सांगा, या दहाही गाण्यांसाठी मूळ कलाकारांची परवानगी घ्यावी लागली. लोकगीताला परवानगी लागते का?

अण्णा बोरिवलीकर
धाग्यावर इनुक्टिटुट येणाऱ्यांनी हात वर करा. (मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

वहीतली ओवी
परवानगीचा मुद्दा बिनतोड आहे, मानलं. पण 'आपले शब्द' हीच कसोटी लावायची तर कताज्जाकचं काय करणार? पुरुष शिकारीला गेले की बायकांनी खेळायचा हा कंठगायनाचा खेळ. दोघी समोरासमोर, एकमेकींचे दंड धरून. एकीनं घशातून आवाज काढायचा, तिच्या श्वासाच्या फटीत दुसरीनं आपला बसवायचा. जिला आधी हसू फुटेल किंवा दम लागेल ती हरली. जात्याला दोघी बसतात तशा, फक्त पीठ पडत नाही. क्यूबेकनं २०१४ मध्ये याला प्रांताचा पहिला अमूर्त वारसा म्हणून मान दिला. आणि त्यात बहुतेक ठिकाणी अर्थाचे शब्दच नसतात! वारा, हंस, पाणी, नुसते ध्वनी.
शिवाय तान्या टागाक ही इनुइट गायिका बघा. ती हे एकटीनं गाते. शिकली कुठे, तर हॅलिफॅक्सला कला महाविद्यालयात असताना आईनं पाठवलेल्या टेपवरून. एकटीनं गायचं म्हणजे कताज्जाकच नव्हे, असं खुद्द काही इनुइट लोकही म्हणाले. त्याच २०१४ साली तिला कॅनडाचा पोलारिस संगीत पुरस्कार मिळाला. म्हणजे शुद्धतेचा झगडा त्यांच्या घरातही आहेच, आपण इथून निकाल कशाला द्या?

जुनी कॅसेट
ओवीताई, +१.
खडीसाखर, तुम्ही सुचवलेल्या २०१८ च्या अल्बममध्येच विली थ्रॅशर या इनुइट गायकाचं एक गाणं तिनं गायलंय. हा १९४८ चा, उत्तर कॅनडातल्या अक्लाविकचा. लहानपणीच निवासी शाळेत (मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या) नेला, तिथे स्वतःची भाषा बोलायला बंदी. पुढे रॉक बँडमध्ये ड्रम वाजवू लागला. एका कार्यक्रमानंतर एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, तुझ्या लोकांची गाणी तू का लिहीत नाहीस? मग गिटार घेऊन लिहायला बसला, १९८१ मध्ये 'स्पिरिट चाइल्ड' आला. हा माणूस घरी परतला तो साहेबाच्या वाद्यावर बसूनच.

खडीसाखर
अहो, तो म्हातारा माझ्याच बाजूचा आहे! 'तुझ्या लोकांची गाणी लिही' म्हणाला, 'त्यांच्या गाण्यांचं भाषांतर कर' नाही म्हणाला.

मॉन्ट्रियलकर
भाषांतराला इतकं स्वस्त समजू नका. इनुक्टिटुटमध्ये प्रत्यय जोडत जोडत अख्खं वाक्य एका शब्दात मावतं. इंग्रजीतल्या तोकड्या शब्दांसाठी बांधलेल्या चालीत असा लांबलचक शब्द बसवायचा, तर ओळ नव्यानेच रचावी लागते. लेड झेपलिनचं 'गोइंग टू कॅलिफोर्निया' तिच्याकडे नुसतं 'कॅलिफोर्नियामुत' होतं. 'मुत' म्हणजे 'कडे', 'ला'. (हसणारे हसून घ्या.) इंग्रजीला तीन शब्द लागले, त्यांना एक. आणि आपल्यालाही एकच: 'कॅलिफोर्नियाला'.

अण्णा बोरिवलीकर
हसलो. मुंबईमुत निघालोय, उद्या वाचतो.

खडीसाखर
'कॅलिफोर्नियाला' आवडलं, हे लपवत नाही. ते गाणं आज परत ऐकेन, चाल विसरून ऐकता येतं का बघते. बाकी मत तेच. कॅसेटराव, तुम्ही 'उना' ऐकलंत की नाही अजून?

जुनी कॅसेट
ऐकलं. दादर गेलं, कळलंच नाही.