मदत हवी आहे: भोपळ्यापासून शहाजहानचा पेला, पण उभाच राहत नाही

नमस्कार मंडळी,

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवतो. जानेवारीत शाळेचं प्रदर्शन आहे आणि नववीच्या पोरांनी शहाजहानचा मद्यचषक करायचा हट्ट धरलाय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला, पांढऱ्या जेड दगडाचा, १६५७ सालचा. उभा चिरलेला भोपळा असावा तसा आकार. देठाकडचा भाग निमुळता होत वळतो आणि शेवटी बोकडाचं डोकं होतो. तीच मूठ.

वर्गात फोटो लावला तर मागच्या बाकावरून आवाज, "सर, हा तर आमच्या कुपावरचा भोपळा!" दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या खरंच घेऊन आला. मान इतकी वाकडी की बाजारात कुणी घेईना म्हणून वेलावरच वाळलेला, हलवला की आत बिया खुळखुळत होत्या. त्याच्या आजीचा प्रश्न मात्र सोबत आला: "दारूना पेला? शायामा?" (म्हणजे शाळेत?)

मला हा विषय हवाच होता, कारण बऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशात गेलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात आमच्या खानदेशाची राजधानी तीच. अकबराचा दानियाल आणि जहांगीरचा परवेझ, दोघेही शहजादे तिथेच दारूपायी संपले. शहाजहान मात्र तरुणपणी दख्खनच्या मोहिमेवर येताना सगळी दारू चंबळेत ओतून मोकळा झाला होता. त्याच माणसाच्या नावाचा हा पेला, आणि ज्या वर्षी तो घडला त्याच वर्षी बादशहा आजारी पडून पोरांत गादीसाठी जुंपली! मुख्याध्यापक म्हणतात, पाटीवर 'सरबताचा पेला' लिहा. मी नाही लिहिणार.

आता अडचण. भोपळा करवतीनं उभा चिरला, आतून खरवडला, मानेवर एम-सीलचं डोकं बसवलं आणि पेला डोक्याच्या बाजूला धपकन कलंडला. तीनदा. मूळ पेला कशावर उभा आहे? आमच्याकडचे सगळे फोटो वरून काढलेले. शिवाय पांढरा डिस्टेंपर दिला तर सगळं घराच्या भिंतीसारखं दिसायला लागलं. काय करू?

प्रतिसाद १

सर, मूळ पेल्याच्या बुडाशी उमललेलं कमळ कोरलंय, तो त्याच्यावर उभा राहतो. तुम्हीही कमळच करा, पण प्लास्टरचं, भरीव. वजन खाली येईल. डोकं एम-सीलचं नको, फार जड होतं; थर्माकोलचा गोळा घ्या आणि वरून कागदाचा लगदा चढवा. कमळाबरोबर त्या पेल्यावर ॲकॅन्थसची पानंही आहेत, ती युरोपातून आलेली नक्षी. एका पेल्यात किती मुलूख आलेत ते पोरांना दाखवा.

आणि मापं जपा. मूळ पेला १८.७ सेंटिमीटर लांब नि १४ रुंद, म्हणजे वीतभरच. तुमचा भोपळा केवढा आहे?

प्रतिसाद २

डिस्टेंपर खरवडून काढा दादा. जेड दुधाळ असतं, आतून उजेड झिरपल्यासारखं. भोपळ्याला पॉलिश पेपर मारा, पांढऱ्या पोस्टर कलरचा एकच पातळ हात द्या. मग पांढऱ्या मेणबत्त्या वितळवून मेणाचे दोन-तीन हात. मेणाचं भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको. आणि हे काम तुम्ही करा, पोरांना देऊ नका. शेवटी सुती फडक्यानं घासा.

पाटीवर 'छिन्नीनं कोरलेला' असं लिहू नका. जेड पोलादाला दाद देत नाही. कुरुंदाची पूड नि पाणी लावून घासत घासतच ते झिजवावं लागतं. पोरांना पॉलिश पेपर मारताना हे सांगा, कुरकूर कमी होईल.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. कमळ काल ओतलं, आज पेला टेबलावर सरळ उभा आहे. भोपळा २३ सेंटिमीटरचा निघाला, म्हणून पाटीवर 'मूळ आकारापेक्षा मोठा' असं लिहितोय. मेण रविवारी.

शिंगांचं मात्र जमत नाहीये. मागे वळवलेला लगदा वाळताना बरोबर वाकणावर तडकतो. आत तार घालावी का, आणि घातली तर किती जाडीची? आजी म्हणतात, तूरकाटी वाकव. ती मोडली.