संवर्धन राखीव झाल्यावर मोह आणि तेंदूचे काय?

प्रश्न
ब्रह्मपुरी वनविभागातील आमच्या गावालगतचे जंगल वाघांच्या भ्रमणमार्गात येते, म्हणून ते ‘संवर्धन राखीव’ घोषित होणार अशी चर्चा आहे. ताडोबाचे बफर (व्याघ्र प्रकल्पाभोवतीचा पट्टा) झाले, २०१८ मध्ये घोडाझरी अभयारण्य झाले. संरक्षित क्षेत्र वाढत जाणार हे आम्ही धरूनच चाललो आहोत आणि त्याला सरसकट विरोधही नाही. परंतु गावातील बहुतेक घरांचा उन्हाळा मोहफुले आणि तेंदूपत्ता यांवरच निघतो. ते बंद होईल का?

उत्तर १
अभयारण्य आणि संवर्धन राखीव यांत गल्लत करू नये. दुसरा प्रकार वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने आला. तो केवळ सरकारी जमिनीवर आणि स्थानिकांशी विचारविनिमय करूनच घोषित करता येतो. अभयारण्यातील वनोपज आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरतेच वापरता येते, विकता येत नाही. हे कलम २९ संवर्धन राखीवला लागू केलेले नाही. व्यवस्थापन समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो, मात्र समितीचे काम सल्ला देण्याचे आहे, हे विसरू नये.

उत्तर २
म्हणूनच केवळ त्या समितीवर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. ग्रामसभेचा सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगल राखण्याच्या आणि वनोपज घेण्या-विकण्याच्या हक्काचा, दावा मंजूर झालेला नसेल, तर अधिसूचनेची वाट न पाहता तो आधी दाखल करावा. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यांतही लागू आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने हाती येण्यास २०११ उजाडले.

उत्तर ३
हक्कांइतकाच आगीचा विचार व्हावा. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३० मधील आग लावण्याची बंदी संवर्धन राखीवलाही लागू आहे, आणि आपल्याकडे मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा स्वच्छ करण्याची पद्धत आहे. ती आग पसरली की वणवा होतो. खराट्याने झाडलोट करावी किंवा झाडाखाली जाळी बांधावी; कष्ट वाढतात खरे, पण फुले मातीत पडत नाहीत. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तेंदू तोडणेच थांबवले, कारण बांबूने त्यांचे भागत होते. ज्या गावाकडे बांबू नाही, त्याने तसे करावे असे मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दाव्याचा नकाशा पुढील ग्रामसभेत ठेवतो, आणि जाळीचा खर्च कोणी करायचा, हेही तिथेच विचारतो.