प्रतिसाद: आधी गरम, मग गार, पण उडी मारू नका

वर विचारलंय की फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात, राउहानिएमी या तळ्याकाठच्या सार्वजनिक सौनाला हिवाळ्यात गेल्यावर आधी सौना घ्यायची (म्हणजे तापवलेल्या खोलीत बसून घाम काढायचा) की आधी गोठलेल्या तळ्यात उतरायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी सौनाच घ्यावी.

साबणाने अंघोळ करूनच आत जा. गळ्यातलं, हातातलं धातूचं सगळं काढा. ८०-९० अंशांत ते चटके देतं. वरचा बाक सर्वांत तापतो, म्हणून सुरुवात खालच्या बाकावर, ८-१० मिनिटं. भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकल्यावर उठणाऱ्या वाफेला 'ल्योल्यू' म्हणतात. एका वेळी एकच डावभर पाणी टाका, तेही शेजाऱ्यांना विचारून. भसाभस ओतलं की दगड निवतात आणि वाफेऐवजी खाली नुसता ओघळ येतो.

आता पाणी. बर्फाखालचं पाणी शून्याच्या जवळपास असतं. अंगाला लागताच श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. म्हणून सूर मारणं पूर्ण वर्ज्य. शिडीने उतरा, लांब श्वास सोडत राहा, कठडा सोडू नका. पहिल्या खेपेला १५-३० सेकंद भरपूर झाले. लोकरीची टोपी आणि निओप्रीनचे (रबरासारख्या जाड कापडाचे) बूट हवेतच, कारण ओले तळवे गोठलेल्या धातूला चिकटतात.

बाहेर आल्यावर लगेच आत धावू नका, पाचेक मिनिटं बसा. चक्कर येते ती बहुधा याच वेळी. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गार पाण्यात उतरू नका. दारू पिऊन तर मुळीच नाही.