तान्ह्या बाळांसाठी घरी शिवलेलं : अनुभव लिहा

झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, एखादी कुंची आणि एक गोधडी, हा आपल्याकडचा बाळंतविडा. तयार कपडे आता दारात येऊन पडतात, तरी घरात बाळ येणार म्हटलं की कोपऱ्यातलं मशीन पुसून बाहेर निघतंच. तुम्ही काय शिवलंत, कापड कोणतं घेतलंत, कुठे अडलं आणि ते कसं सोडवलंत, ते सविस्तर लिहा. मापं लिहिलीत तर फारच चांगलं. सुरुवात मी करते.

मी झबल्यांवर जीव टाकते. तान्ह्याची मान धरलेली नसते, म्हणून डोक्यातून घालायचं काही शिवायचंच नाही, हा माझ्या आईचा नियम आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. झबलं पुढून पूर्ण उघडं, एका बाजूवर दुसरी बाजू येणारं. मलमल आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतायची, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. सुई 11 नंबरची. 14 नंबरने मलमलीला भोकं दिसतात. शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवते, म्हणजे बाळाच्या अंगाला काही टोचत नाही. बंद गळ्याशी लावत नाही, कुशीला लावते आणि तेही आखूड. युरोपातल्या मानकांत तर सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी चालतच नाही. मान धरली की मग डोक्यातून घालायचे कपडे. तेव्हा एक लक्षात ठेवा : जन्मतः डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंमी असतो, वर्षाचं होईपर्यंत तो 45-46 सेंमीच्या आसपास जातो. गळा त्या हिशोबाने कापा किंवा खांद्यावर टिचबटणं द्या.

—

ठाण्याहून, एक बाबा

मी लाळेरी शिवतो. दात येताना दिवसाला किती लागतात ते ज्याचं त्याला ठाऊक! वरून माझ्या जुन्या सुती शर्टाचं कापड, खाली जुना टर्किश टॉवेल, कडेला तिरक्या कापडाची पट्टी. पट्टी तिरकीच कापा, सरळ कापलेली गळ्याच्या गोलाईवर चुण्या पाडते. मागे वेल्क्रो. ओढलं की सुटतं, म्हणून मला तेच पसंत. त्याची खरखरीत बाजू बाळाच्या मानेकडे येऊ देऊ नका, आणि धुताना बंद करून टाका, नाहीतर सोबतची मलमल ओरबाडून निघते.

—

नाशिकहून, आई

माझं शिवण हौसेतून आलेलं नाही. लेकाचे दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले होते, क्लबफूट. पोन्सेटी पद्धतीने उपचार झाले. दर आठवड्याला नवं प्लास्टर, थेट मांडीपर्यंत आणि गुडघ्यात वाकवलेलं. बाजारातली एकही विजार त्यावरून चढेना. प्लास्टर संपल्यावर ब्रेस आला, म्हणजे दोन बूट आणि त्यांना जोडणारी दांडी. पहिले तीन महिने रोज 23 तास, पुढे फक्त झोपेत, पण ते चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. दांडीमुळे विजारीत पाय घालायची वाटच राहत नाही. थंडीच्या दिवसांत बाळाला नुसतं दुपट्यात गुंडाळून किती ठेवणार?

मग मी विजारीची आतली शिवण घातलीच नाही. एका पायाच्या घोट्यापासून वर बैठकीतून दुसऱ्या घोट्यापर्यंत सगळं उघडं, आणि त्यावर टिचबटणं. बाळाला विजारीवर निजवायचं, दांडीखालून पुढचं कापड घ्यायचं, बटणं लावायची. दोन्ही कडांना तीन सेंमीची पट्टी दुमडून आत जाड कापड घातलं, कारण एकेरी सुती कापडातून टिचबटण उपटून येतं. दर पाच सेंमीवर एक बटण. मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच बेतला, नाहीतर लंगोट-डायपरच्या फुगीमुळे विजार मागून खाली सरकते.

कापड मी मुद्दाम भडक आणलं, पिवळ्यावर लाल ठिपके. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी पायांकडे बघायचा आणि गप्प व्हायचा. त्या विजारीमुळे लोक 'अय्या, कुठून आणलीस?' असं विचारू लागले. मला त्या प्रश्नाची फार गरज होती. दवाखान्यातल्या इतर आयांनी कागदी कटिंग मागून नेलं, आणि त्यांतल्या एकीने तर खिसेही जोडले!

—

पुण्याहून, आजी

नात न्यू जर्सीत. जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी घातली, सगळी हाताने, धावदोऱ्याने कडेपासून आत आत जात. तिकडे मात्र डॉक्टरांनी सांगितलं, वर्षाच्या आत बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, काही ठेवायचं नाही. सुनेने मला तसं नीट समजावलं, आणि मला ते पटलं. श्वासाचा प्रश्न आहे, तिथे आपली माया आड येऊ देऊ नये. आता ती गोधडी दिवसा जमिनीवर अंथरतात आणि पोरगी तिच्यावर पालथी पडून खेळते. रात्रीसाठी मी बिनबाह्यांची पिशवी शिवून पाठवली. गळा आणि काखा बेताच्या, पोर आत घसरू नये इतक्या, खाली पाय हलवायला भरपूर घेर, पुढे चेन. चेनच्या वरच्या टोकाला कापडाची टोपी शिवा, हनुवटीला लागत नाही.

—

बेळगावहून

खणाच्या परकर-पोलक्याला आतून मलमलीचं अस्तर हवंच, काठ टोचतात. परकराला आत दोन टक घाला, दरवर्षी एक उसवायचा. बोरन्हाणाला काळं झबलं शिवते, पण हलव्याचे दागिने लहानग्यांच्या अंगावर ठेवत नाही. दोरा तुटला की दाणा थेट तोंडात. त्याऐवजी गळ्याभोवती पांढऱ्या दोऱ्याने गाठीच्या टाक्याचा हार भरते. लांबून हुबेहूब हलवा वाटतो.

—

सोलापूरहून

नाशिकच्या ताई, माझ्या बहिणीच्या मुलीला याच सोमवारी पहिलं प्लास्टर घालणार आहेत. प्लास्टर असतानाच्या विजारीचं माप कसं घ्यायचं?

—

नाशिकहून, आई

ताई, त्या दिवसांत आतली शिवण उघडी ठेवायची गरज नाही, बाहेरची ठेवा. प्लास्टर घातल्यावर मांडीशी सगळ्यात जाड जागी घेर मोजा आणि त्यात सहा सेंमी मिळवा. लांबी वाकवलेल्या गुडघ्यावरून टेप नेऊन घ्या, सरळ नको. कंबरेला मऊ, रुंद इलॅस्टिक, पोटाच्या मापापेक्षा तीन-चार सेंमीच कमी. पायाची बोटं उघडी राहिली पाहिजेत, त्यांचा रंग आणि ऊब सारखी बघावी लागते, म्हणून विजार घोट्यापाशीच संपवा. बोटं निळसर किंवा गार वाटली तर लगेच डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन विजारी एकाच मापाच्या चालतील. कापड फ्लॅनेलचं घ्या, आणि बटणं ठोकण्याआधी एकदा टाचण्या न लावता नुसत्या कच्च्या टाक्यांवर घालून बघा.