जिलेटिनचे नॅनोफायबर सलाइनमध्ये टिकत नाहीत, काय करू?

सायली (एम.फार्म.)
मधुमेही जखमांसाठी ड्रेसिंग हा माझा प्रोजेक्ट आहे. जिलेटिन असेटिक ॲसिडमध्ये विरघळवून इलेक्ट्रोस्पिनिंग करते, म्हणजे उच्च व्होल्टेजने द्रावणाचे अतिबारीक धागे ओढते. १८ किलोव्होल्ट, सुई ते कलेक्टर १५ सेंटीमीटर. सेममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) धागे सुरेख दिसतात, २०० नॅनोमीटरच्या आसपास. पण फॉइलवरून सोडवलेला तुकडा सलाइनमध्ये टाकला की आधी कडा पारदर्शक होतात, मग सगळा आकसून चिकट गोळा होतो. जखमेत ओल असणारच. गाइड म्हणतात, जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना जोडायला (क्रॉसलिंक करायला) ग्लुटाराल्डिहाइड वापर. वापरू का?

निखिल
वाफेवर धर. डेसिकेटरमध्ये (झाकणबंद भांड्यात) खाली ग्लुटाराल्डिहाइडचं द्रावण, वर तुझ्या धाग्यांची जाळी. द्रावणात बुडवलीस तर क्रॉसलिंक व्हायच्या आधीच विरघळेल. पिवळसर झाली की काम होतंय समज.

वैशाली
निखिल म्हणतो ते बरोबर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. जाळीत उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड पेशी मारतं. ग्लायसिनच्या द्रावणात नीट धू, मोकळे अल्डिहाइड त्यात पकडले जातात. मगच फायब्रोब्लास्टवर (त्वचेतल्या पेशींवर) एमटीटी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारी चाचणी, लाव.

मी क्रॉसलिंकसाठी जेनिपिनकडे वळले. अनंताच्या फळातल्या द्रव्यापासून ते बनवतात. महाग आहे, पण विषारीपणा खूपच कमी. इथेनॉलमध्ये अगदी थोडं पाणी घालून त्यात जाळी ठेवायची, ती हळूहळू गडद निळी होते.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या जाळीची छिद्रं इतकी बारीक असतात की जीवाणू अडतात, बाष्प जातं, पण आपल्या पेशीही सहज आत शिरत नाहीत. आवरण म्हणून उत्तम. तिच्यात नवी त्वचा वाढेल असं थिसिसमध्ये लिहायचं, तर पेशी किती खोल गेल्या ते छेद घेऊन दाखव.

संदीप (स्टाफ नर्स)
मी रोज पायाच्या जखमांची ड्रेसिंगं करतो. सुकलेलं गॉज ओढलं की खालचं लाल, कोवळं मांस त्याच्याबरोबर निघतं. पाय बधिर असल्याने पेशंटला कळतही नाही. ताई, तुमची जाळी ओली झाल्यावर अखंड उचलता येते का, ते आधी बघा.

सायली
ओली उचलली की फाटते. पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन हा पॉलिमर) मिसळू?

वैशाली
मिसळ. दोन्ही टीएफई (ट्रायफ्लुरोइथेनॉल) या द्रावकात विरघळतात, पण मिश्रण गढूळ होऊन थर वेगळे होतात. अगदी थोडं असेटिक ॲसिड घाल, नितळ होईल. आणि टेन्साइल टेस्ट (ताणून ताकद मोजणं) कोरड्या तुकड्यावर नको, सलाइनमध्ये भिजवलेल्यावर कर.